शेवटच्या शुक्रवारचा गाडा : साउंड ट्रेलरच्या कामाच्या नोंदी

१४ एप्रिल २०२५, सोमवार

मागच्या राईडला कुणीतरी छोटा स्पीकर झिप टायनी हँडलला बांधला होता, तो लटकत लटकत पुढच्या चाकात गेला, दोन तारा तुटल्या आणि उरलेली राईड बिनगाण्याची झाली. तेव्हाच ठरलं की आता नीट काहीतरी बनवायचं. नोंदी ठेवतोय कारण याआधी दोनदा "अरे हे आपण केलं होतं ना, काय केलं होतं?" असं झालंय आणि कुणालाच काही आठवलं नाही.

तर काम असं: सायकलमागे ओढायचा दोन चाकांचा ट्रेलर, त्यावर दोन स्पीकर, ॲम्प्लिफायर, बॅटरी. दर महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारच्या राईडमध्ये वाजवायचा. गाणी क्वीअर (समलैंगिक, ट्रान्स वगैरे) कलाकारांची, आणि शक्यतो त्याच दिवशी नाहीतर त्याच महिन्यात आलेली. जुनी हिट गाणी सगळीकडे वाजतातच, ज्यांना कुणी वाजवत नाही त्यांना वाजवू.

शुक्रवारचा योग मस्त जुळलाय. क्रिटिकल मासची (सगळ्यांनी मिळून रस्ता भरून सायकली चालवायच्या, ती राईड) पहिली फेरी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये २५ सप्टेंबर १९९२ ला निघाली, पन्नासेक लोक, ऑफिस सुटल्यावर सगळे मिळून घरी जाऊ एवढंच डोक्यात. महिन्याचा शेवटचा शुक्रवार तिथून आला. गाण्यांचा शुक्रवार फार नंतरचा, १० जुलै २०१५ पासून जगभर एकाच वारी रिलीज सुरू झाले, त्याआधी अमेरिकेत मंगळवार, ब्रिटनमध्ये सोमवार, जर्मनीत शुक्रवार असा खेळ होता. दोन्हींचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, पण आमच्या पथ्यावर पडलं.

टार्गेट २७ जून. दुसऱ्याच दिवशी २८, म्हणजे स्टोनवॉलची तारीख (१९६९ ला न्यूयॉर्कच्या त्या बारवर पोलिसांची धाड पडली आणि क्वीअर लोक उलटले).

१९ एप्रिल, शनिवार

ट्रेलरचा सांगाडा मिळाला, लहान मुलांना बसवायचा जुना ट्रेलर होता, कापड फाटलेलं पण फ्रेम सरळ. चाकं २० इंची. डाव्या चाकाचा आऊट काढायला दीड तास गेला कारण अर्ध्या तारांचे निपल गंजून बसलेले, तेल सोडून वाट बघायची, पाव फेरा फिरवायचा, परत वाट बघायची.

वजनाचं गणित महत्त्वाचं निघालं. बॅटरी मागे ठेवली तर ट्रेलर सायकलचं मागचं चाक वर उचलतो आणि उतारावर शेपटीसारखा हलतो. सगळं पुढे ठेवलं तर हिचवर (ट्रेलर सायकलला जोडतो त्या सांध्यावर) लोड येतो. एकूण वजनाच्या दहाएक टक्के वजन पुढे हिचवर आणि बाकीचं एक्सलच्या वर, असं ठेवल्यावर एकदम गुमान चालायला लागला. बॅटरी तळाला, स्पीकर वर.

२५ एप्रिल, शुक्रवार

पहिली ट्रायल. घरात वाजवून बघितलं तेव्हा खिडक्या थरथरत होत्या, बाहेर काढल्यावर बास गायब! खोलीत भिंती बासला सांभाळतात, उघड्यावर तो जातो निघून. शिवाय मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनी पडतो, म्हणजे ट्रेलरच्या जवळ असलेल्याचे कान किटतात आणि मागच्याला काही ऐकूच येत नाही.

ब्लूटूथनंही दगा दिला. मोकळ्या रस्त्यावर ठीक, पण चाळीस जण आजूबाजूला आले की गाणं अडखळायला लागलं, कारण माणसाचं शरीर म्हणजे निम्म्याहून जास्त पाणी आणि २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल ते गिळतं, वर प्रत्येकाच्या खिशात अजून एक फोन. पुढच्या वेळी सरळ वायर.

आणि एका गाण्यात बास ड्रॉप (गाणं क्षणभर थांबून एकदम बास कोसळतो ती जागा) आला त्याच क्षणी फ्यूज उडाला. ५ अँपिअरचा लावला होता, तो माझा गाढवपणा. सगळे हात वर करून वाट बघतायत आणि शांतता. मागून एक जण ओरडला, "वा, काय ड्रॉप आहे!"

२ मे, शुक्रवार

आज बँडकँप फ्रायडे. बँडकँप म्हणजे कलाकार जिथे आपली गाणी थेट विकतात ती साईट. २० मार्च २०२० ला लॉकडाऊनच्या सुरुवातीला हे सुरू झालं, शो बंद पडले म्हणून कंपनी त्या दिवसापुरता स्वतःचा हिस्सा सोडते (एरवी डिजिटल विक्रीवर १५ टक्के). आम्ही ट्रेलरसाठी जमवलेल्या पैशातला एक भाग आज गाणी विकत घ्यायला ठेवला होता. स्ट्रीमिंगवरून वाजवायचं नाही हे आधीच ठरलं होतं, एक म्हणजे रस्त्यात नेट जातं आणि दुसरं म्हणजे ते अकाउंट घरी ऐकण्यासाठी असतं, चौकात वाजवण्यासाठी नाही.

मग प्रत्येकाला वेगळा मेसेज: तुमचं गाणं सायकल राईडमध्ये वाजवलं तर चालेल का. अकरा जणांना विचारलं. सात जणांचं हो आलं, दोघांनी अजून बघितलंच नाही. एकीनं फार कामाची गोष्ट सांगितली की माझी हरकत नाही पण मी रॉयल्टी सोसायटीची मेंबर आहे, जाहीर वाजवण्याचा हक्क त्यांच्याकडे दिलाय, तर माझ्या एकटीच्या हो म्हणण्यानं भागणार नाही. हे आम्हाला माहीतच नव्हतं. आता यादीत एक कॉलम वाढला.

अकराव्याचं उत्तर आलं की हो, वाजवा, पण प्लीज माझं नाव घेऊन अनाउन्स करू नका, घरी माहीत नाही. मी मेसेज दोनदा वाचला. आम्ही तर पोस्टरवर सगळ्यांची नावं मोठ्या अक्षरात टाकणार होतो, डिझाईन जवळजवळ तयार होतं. ते थांबवलं. आता प्रत्येकाला परत विचारायचं, गाण्याबद्दल वेगळं आणि नावाबद्दल वेगळं.

११ मे, रविवार

रिपेअरचा दिवस. आमच्याकडे महिन्यातून एकदा फक्त बायका, ट्रान्स आणि नॉन-बायनरी (स्वतःला ना पुरुष ना बाई मानणाऱ्या) लोकांसाठी वर्कशॉप असतं, जगात बऱ्याच कम्युनिटी वर्कशॉपमध्ये अशी वेगळी संध्याकाळ ठेवतात. मला आधी वाटायचं कशाला वेगळं, सगळ्यांना सगळं उघडंच आहे की. मग एकदा एरवीच्या दिवशी नुसता कोपऱ्यात बसून बघितलं: एक मुलगी फ्रीव्हील सोडवत होती, तीन मिनिटांत दोन वेगवेगळ्या पुरुषांनी तिच्या हातातून पाना घेतला, दोघंही मदत म्हणून. त्यातला एक मी असतो तर मलाही कळलं नसतं.

तर आज मी बाहेर वायरिंगला, आणि आत आमचे पानावाले, एकाच माणसाचं टोपणनाव. पानावाले नॉन-बायनरी आहेत, त्यांनी आल्या आल्याच सांगितलेलं की मला तो पण नको, ती पण नको, ते म्हणा. मराठीत ही सोय आयतीच आहे, "ते आले", "ते म्हणाले", आपण मोठ्या माणसांना म्हणतोच. फक्त झालंय असं की वय वर्षं तेवीस आणि सगळे त्यांच्याशी आजोबांशी बोलावं तसं बोलतात. त्यांना यात भयंकर मजा येते.

पण स्वतःबद्दल बोलताना पंचाईत. "मी आलो" म्हणावं की "मी आले"? इंग्रजीत मी म्हणजे मी, आपल्याकडे क्रियापद चुगली करतं. पानावाले अशी वाक्यंच टाळतात बऱ्याचदा, म्हणतात "मी चाक सरळ केलं", "मी चेन लावली", कारण तिथे क्रियापद चाकाच्या आणि चेनच्या मागे जातं, माझ्या नाही. हे मी चाळीस वर्षं मराठी बोलून कधी लक्षात घेतलं नव्हतं. "कामं करत राहायचं म्हणजे प्रश्नच येत नाही," असं त्यांचं म्हणणं.

पोस्टरचा मजकूर यावरून बदलला. आधी होतं "तू सायकल चालवतोस? मग ये". आता नुसतं "सायकल काढा, या".

१७ मे, शनिवार

आजची तारीख लिहून ठेवतो. १९९० मध्ये याच दिवशी जागतिक आरोग्य संघटनेनं समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. मी तेव्हा शाळेत होतो. म्हणजे माझा जन्म झाला तेव्हा मी कागदोपत्री आजारी होतो आणि प्राथमिक शाळेत असताना आपोआप बरा झालो.

काम: ॲम्प्लिफायरचा बॉक्स प्लायवूडचा केला, खाली रबर. एवढंच.

३० मे, शुक्रवार

आजची राईड चांगली झाली आणि थोडक्यात वाचलो.

आवाजाचं आधी. स्पीकर एक्सलच्या वर उंच केले, मागे तोंड आणि जरा वर तिरके, त्यामुळे आवाज लोकांच्या पोटात न जाता डोक्यावरून मागे पोचला. बासचा नाद सोडला. उघड्यावर गाणं चालतं ते मधल्या पट्टीवर, गळा आणि टाळी नीट ऐकू आली की लोक आपोआप नाचायला लागतात. वायर टाकल्यावर अडखळणं बंद. गाण्यांचे आवाज मात्र वरखाली, कारण स्ट्रीमिंग ॲप सगळी गाणी एका पातळीवर आणून वाजवतं आणि आम्ही मूळ फाईली वाजवतोय, एक कुजबुजतंय तर पुढचं कानाखाली मारतंय. घरी बसून सगळ्या एका लेव्हलला आणायला लागणार.

आता वाचलो ते. उतारावर हिचची पिन निघाली. तिचं स्प्रिंगचं क्लिप कधी पडलं माहीत नाही, खड्ड्यांनी हळूहळू सरकत गेलं असणार. ट्रेलर सुटला आणि सेफ्टीच्या पट्ट्यावर लोंबकळत घासत आला, ठिणग्या वगैरे. तो पट्टा मी "कशाला पाहिजे, पिन आहे की" म्हणून काढणार होतो, पानावाल्यांनी काढू दिला नव्हता. मागे वीसेक सायकली होत्या, त्यात दोन लहान मुलं. मी दहा मिनिटं फुटपाथवर बसून होतो. गाणं चालूच होतं सगळा वेळ, ते बंद करायचं कुणाला सुचलं नाही.

यापुढे: बोल्ट आणि नायलॉक (हादऱ्यांनी न सुटणारा) नट, पिन नाही. पट्टा कायम. राईड निघायच्या आधी दोन वेगवेगळ्या माणसांनी हात लावून बघायचं.

७ जून, शनिवार

आज सॅन फ्रान्सिस्को ते लॉस एंजेलिसची एड्ससाठीची सायकल राईड शेवटची पूर्ण होतेय. ५४५ मैल, म्हणजे ८७७ किलोमीटर, सात दिवसांत. १९९४ ला कॅलिफोर्निया एड्स राईड म्हणून सुरू झालं, २००२ पासून एड्स लाइफसायकल. खर्च वाढला, लोक कमी झाले, बंद. एकदा तरी करायची असं मी कमीत कमी दहा वर्षं म्हणत होतो.

संध्याकाळी मीटिंग, विषय फोटो. भांडण झालं, सरळ लिहितो. एका बाजूचं म्हणणं की फोटो नसतील तर राईड झाली हे कळणार कुणाला, आपण दिसायला पाहिजे, लपायचं असतं तर घरी बसलो असतो. दुसरीकडे त्या अकराव्या गाण्यासारखे लोक, ज्यांना यायचंय पण ऑफिसात चेहरा पोचायला नकोय. मला दोन्ही पटत होतं आणि म्हणून मी काही बोललोच नाही, त्याचा नंतर राग आला स्वतःचा.

हंगेरीचा विषय निघाला. तिकडे १८ मार्चला संसदेनं कायदा बदलला, प्राइडसारख्या (क्वीअर लोकांच्या) मोर्चांवर बंदी घालायला वाट मोकळी, आणि जे जातील त्यांना ओळखायला फेशियल रेकग्निशन वापरता येईल, दंड दोन लाख फोरिंटपर्यंत. म्हणजे फोटो हा आता नुसता फोटो नाही. यावर थोडी शांतता झाली. मग ठरलं: पिवळी रिबन हँडलला म्हणजे माझा फोटो काढू नका. ज्यांना काढायचाय त्यांनी मागून काढावा, पाठी आणि चाकं. पाठीचे फोटो तसेही चांगले येतात सायकलवाल्यांचे.

निघताना एकानं विचारलं की ट्रान्स बायका चालतात ना राईडला, कारण यूसीआयनं (सायकल शर्यतींची जागतिक संघटना) २०२३ च्या जुलैमध्ये पौगंडानंतर ट्रान्झिशन केलेल्या ट्रान्स बायकांना बायकांच्या शर्यतीतून बाहेर काढलंय. अरे बाबा, आपली शर्यत नाहीये. आपल्याकडे पहिला येणाऱ्याला चौकात थांबून सगळ्यांची वाट बघायला लागते.

१५ जून, रविवार

वायरिंग फायनल. १२.८ व्होल्ट, २० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, म्हणजे २५६ वॉट-अवर. आमचा सरासरी खप ४५ वॉटच्या आसपास आला, पाच तासांहून जास्त चालेल, राईड दोन तासांची. फ्यूज १५ अँपिअरचा, आणि बॅटरीच्या प्लसच्या अगदी जवळ, मागच्या वेळी तो ॲम्प्लिफायरच्या जवळ होता, म्हणजे मधली वायर घासून शॉर्ट झाली असती तर फ्यूजला पत्ताच नाही. चार्जर ह्याच बॅटरीचा, १४.६ व्होल्टचा. गाडीच्या जुन्या बॅटरीचा चार्जर कुणीतरी आणून ठेवला होता, त्यावर लाल टेप लावून कपाटात बंद केलाय.

२० जून, शुक्रवार

आज खरं तर ट्रेलरचं काहीच काम झालं नाही, पूर्ण दिवस नावात गेला.

आमच्यातल्या एकीचा ईपी (मोजक्या गाण्यांचा छोटा अल्बम) पुढच्या शुक्रवारी, २७ लाच येतोय. ती ट्रान्स आहे, आधीची तीन गाणी जुन्या नावानं आलीत. नवीन ईपी नवीन नावानं टाकला तर ॲपवर तिचं एक नवंकोरं रिकामं पान तयार झालं, शून्य ऐकणारे, आणि जुनं पान जुन्या नावासकट बाजूला तसंच. दोन पानं एक करायची म्हणजे ज्यांच्यामार्फत गाणी टाकली त्यांनीच जुनी गाणी नवीन नाव लावून परत पाठवायला हवीत. गंमत अशी की प्रत्येक रेकॉर्डिंगला आयएसआरसी म्हणून बारा अक्षर-आकड्यांचा कोड असतो, त्यात कलाकाराचं नाव कुठेच नसतं. कोड तोच ठेवून नाव बदललं तर जुने प्ले मोजलेले राहतात. घाईत गाणं काढून नव्यानं टाकलं, नवा कोड लागला, की सगळं शून्यावर. ती घाईत तेच करणार होती, थांबवलं.

सायकलचंही असंच असतं म्हणा, बॉटम ब्रॅकेटखाली फ्रेम नंबर ठोकलेला असतो, वरून कितीदा रंग मारा. तिला हे सांगितलं तर म्हणाली, "मी सायकल नाहीये." बरोबर आहे.

वेंडी कार्लोसचं आठवलं. १९६८ चा सिंथेसायझरवरचा बाखचा अल्बम, तीन ग्रॅमी, आणि कव्हरवर जुनं नाव. तिनं १९७९ ला आपण ट्रान्स असल्याचं जाहीरपणे सांगितलं आणि नंतरच्या आवृत्त्यांवर वेंडी आलं. सायकलिंगमध्ये फिलिपा यॉर्क: १९८४ च्या टूर द फ्रान्समध्ये चौथी आणि डोंगरांच्या चढांवर अव्वल येणाऱ्याला मिळणारा ठिपक्यांचा जर्सी, जगानं हे नाव ऐकलं २०१७ ला. तिचं ते चौथं येणं कुठे गेलं नाही, ते तिचंच आहे.

फॉर्ममध्ये "कायदेशीर नाव" हा रकाना लागतोच, पैसे जमा व्हायला. तिचे कागद अजून बदललेले नाहीत. अर्जेंटिनात २०१२ पासून स्वतः अर्ज केला की नाव-लिंग बदलून मिळतं, डॉक्टर नाही, कोर्ट नाही. भारतात सुप्रीम कोर्टानं १५ एप्रिल २०१४ ला म्हटलं की लिंग कोणतं हे ज्याचं त्यानं ठरवायचं. एका फॉर्मचा एक रकाना भरताना हे सगळं आठवायला लागतं. तिनं शेवटी डोळे मिटून जुनं नाव टाईप केलं आणि मला म्हणाली, स्पेलिंग बघ बरोबर आहे का, मला बघायचं नाहीये.

२७ जून, शुक्रवार

झाली!!

बोल्ट दोघांनी तपासला. मोजले तेव्हा एकशे साठच्या वर सायकली होत्या, पिवळ्या रिबनी चाळीस आणल्या होत्या त्या पहिल्या पाच मिनिटांत संपल्या, मग पानावाल्यांनी वर्कशॉपमधली पिवळी इन्सुलेशन टेप फाडून वाटली. हे अपेक्षित नव्हतं. निम्म्या लोकांना फोटो नको असेल असं त्या दिवशी भांडताना दोन्ही बाजूंच्या कुणालाही वाटलं नव्हतं.

चौकात कॉर्किंगला चार जण, आडव्या रस्त्याच्या गाड्यांसमोर सायकल आडवी धरून उभं राहायचं आणि हसायचं. एका गाडीवाल्यानं खूप हॉर्न मारला, मग गाण्याच्या ठेक्यावर मारायला लागला.

सुरुवात डिस्को गायक सिल्व्हेस्टरच्या गाण्यानं केली, एकच जुनं गाणं चालवून घेतलं, १९७८ चं. त्याच वर्षी गिल्बर्ट बेकरचा इंद्रधनुषी प्राइड झेंडा पहिल्यांदा फडकला, तेव्हा आठ रंगांचा, गडद गुलाबी कापड मिळेना म्हणून तो रंग गेला. सिल्व्हेस्टर १९८८ ला एड्सनं गेला आणि गाण्यांची रॉयल्टी एड्सवाल्यांसाठी काम करणाऱ्या संस्थांना देऊन गेला. मग सगळी नवीन गाणी.

तिचा ईपी वाजला तेव्हा ती ट्रेलरच्या अगदी बाजूनं चालवत होती आणि पूर्ण गाणंभर चेनकडे बघत होती. अकरावं गाणं नाव न घेता वाजवलं. कुणाचं आहे ते मला माहीत आहे, तो राईडमध्ये होता की नाही ते मला माहीत नाही, आणि मी बघितलंही नाही.

२९ जून, रविवार

काल हंगेरीच्या बुडापेस्टमध्ये बंदी असूनही प्राइड निघाली. महापौरांनी ती पालिकेचा कार्यक्रम म्हणून जाहीर केली होती, लाखाच्या वर लोक आले. याच शहरात २००८ च्या एप्रिलमध्ये सुमारे ८० हजार सायकली क्रिटिकल मासला उतरल्या होत्या आणि शेवटी सगळ्यांनी सायकली डोक्यावर उचलून धरल्या होत्या. रस्त्यावर यायची सवय असलेलं गाव. व्हिडिओ बघताना मी चेहरे बघतोय हे लक्षात आलं आणि बंद केला.

ट्रेलर धुतला. उजव्या चाकाच्या तीन तारा ढिल्या.

४ जुलै, शुक्रवार

तारा ओढल्या. गाण्यांच्या फाईली एका लेव्हलला आणल्या, पुढच्या राईडसाठी नवीन नऊ गाणी आलीत, सहा जणांनी गाण्याला आणि नावाला दोन्हीला हो म्हटलंय, तिघांचं नावाला नाही.

तिची जुनी तीनही गाणी आज एका ॲपवर नवीन नावानं दिसायला लागली, प्ले तेवढेच. दुसऱ्यावर दोन बदललीत, तिसऱ्यावर अजून जुनंच नाव. तिसऱ्यांदा मेल केलाय. २५ जुलैच्या राईडसाठी शंभर पिवळ्या रिबनी कापायच्यात.